फोंड्यातील ‘बाईंचा वर्ग’: योग नव्याने शिकणाऱ्यासाठी एक परीक्षण

गोव्यातील फोंडा शहरापासून थोड्या अंतरावर, एका देवस्थानच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांना उतरण्यासाठी आणि समारंभांसाठी असलेल्या इमारतीत, पहाटे भरणाऱ्या या योगवर्गाला ना फलक आहे, ना पत्रक, ना नाव. परिसरातील लोक त्याला ‘बाईंचा वर्ग’ म्हणतात आणि तेवढ्यावर भागते. गेल्या पावसाळ्यापासून मी या वर्गाला जाते. त्याआधी एका वातानुकूलित स्टुडिओचा, किनारपट्टीवरील काही वर्गांचा आणि घरबसल्या पडद्यासमोर चालणाऱ्या वर्गाचा अनुभव घेऊन झाला होता. त्यामुळे हे परीक्षण एका वर्गाचे असले तरी त्यात इतरांशी तुलना येणे अपरिहार्य आहे. चाळिशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारी, खांदे आखडलेली आणि व्यायामाची सवय सुटलेली व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे, कारण मी स्वतः तशीच आहे. माझी पारख एकाच प्रश्नावर उभी आहे: ज्याला आसन जमत नाही, त्याचे या वर्गात काय होते? ज्याला जमते त्याला बहुतेक वर्ग चांगलेच वाटतात.

गोव्यात योगवर्गांची वानवा नाही. उत्तरेकडे हरमल, मांद्रे, आश्वे, आसगाव, हणजूण आणि दक्षिणेकडे पाळोळे, आगोंद या गावांत वळणावळणावर पाट्या दिसतात. मात्र यातील बरेचसे वर्ग पर्यटनाच्या हंगामावर चालतात. पाऊस सरल्यावर माडांच्या सावलीत मांडव उभे राहतात आणि पुढचा पाऊस जवळ आला की शॅकबरोबर, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींबरोबर, तेही उतरवले जातात. तिथे ज्या दिवशी जाल त्या दिवसापुरते पैसे भरण्याची सोय असते, शिकवणे बहुधा इंग्रजीत चालते आणि आज शेजारच्या चटईवर असलेला माणूस उद्या पुढच्या गावी गेलेला असतो. शिकवणारे कमी प्रतीचे असतात असे मी मुळीच म्हणणार नाही. मांद्र्याला भेटलेल्या एका शिक्षिकेने श्वास न रोखता हालचाल कशी करावी हे ज्या सोपेपणाने समजावले, ते आजही माझ्या उपयोगी पडते. अडचण आहे ती मांडणीची. समोर रोज नवी माणसे येत असताना कोणाची पाठ दुखते, कोणाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे शिक्षकाला कळणार तरी कसे? म्हणून तो सर्वांना साधारण मानवेल असा मधला क्रम धरतो, आणि खरा नवखा माणूस त्या मधल्या क्रमाच्याही दोन पायऱ्या खाली उभा असतो. पाटीवर ‘सर्व स्तरांसाठी’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ज्याचे त्याने पाहून घ्यावे’ इतकाच निघतो.

किनाऱ्यावर ‘अष्टांग’ या नावाने जे शिकवले जाते, ते म्हैसूरच्या पट्टाभी जोइस यांच्या परंपरेतील अष्टांग विन्यास असते: ठरलेला आसनक्रम, प्रत्येक हालचालीला श्वासाची जोड आणि एका आसनातून दुसऱ्यात जाताना हातांवर पेललेले शरीर. पतंजलीच्या अष्टांगयोगातील यमनियमांवर प्रवचन ऐकायला मिळेल अशा समजुतीने गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही मिनिटांतच घाम फुटतो. गंमत अशी की, याच परंपरेतील ‘म्हैसूर पद्धती’चा वर्ग, ज्यात प्रत्येक जण आपापल्या गतीने आसने करतो आणि शिक्षक फिरत राहून ज्याची तयारी झाली त्यालाच पुढचे आसन देतो, तो नवख्याला सर्वांनी एकत्र मोजणीवर करायच्या वर्गापेक्षा कितीतरी सोयीचा असतो. पण त्यासाठी आठवड्यातील बहुतेक दिवस पहाटे हजर राहावे लागते, आणि फोंड्याहून आसगाव गाठून पुन्हा कामाच्या वेळेला पणजीत पोहोचणे नोकरी करणाऱ्याच्या आवाक्यातील गोष्ट नाही.

स्टुडिओचा अनुभव मात्र कडू होता. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तसे वर्ग शहरोशहरी आहेत. गार हवा, मंद दिवे, समोर भिंतभर आरसा आणि अखंड संगीत. प्रवेश घेताना माझ्याकडून तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ घेतले गेले आणि एका कागदावर सही घेतली गेली, ज्यात दुखापत झाल्यास जबाबदारी माझी असे लिहिले होते. प्रकृतीविषयी मात्र कोणी एक प्रश्नही विचारला नाही. पहिल्या आठवड्यातच भद्रासनात, म्हणजे शाळेत ज्याला आपण फुलपाखरू म्हणत असू त्या बैठकीत, प्रशिक्षकाने मागून येऊन माझे दोन्ही गुडघे हातांनी खाली दाबले. गुडघे जमिनीला टेकत नाहीत याचे कारण बहुधा गुडघ्यात नसते, जांघेच्या सांध्यात आणि मांडीच्या आतल्या स्नायूंत असते, आणि तिथला घट्टपणा वरून वजन टाकून सुटत नाही. पुढे बरेच दिवस जिना चढताना जांघेत चमक येत राहिली. तक्रार केली तेव्हा ‘सुरुवातीला दुखतेच’ असे उत्तर मिळाले आणि उरलेले शुल्क परत करण्याची पद्धत नसल्याचेही सांगण्यात आले. जमत नाही त्याला दाबून जमवायचे, हे त्या वर्गाचे माझ्या प्रश्नाला उत्तर होते.

आता बाईंच्या वर्गाकडे येते. अग्रशाळेच्या पहिल्या मजल्यावरील लांबट दालन, खाली लाद्या, वर जुने पंखे आणि एका बाजूला कुळागराकडे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेकडे, उघडणाऱ्या खिडक्या, असे हे ठिकाण आहे. आरसा नाही, आणि मला तो नसणे आवडले. आरसा असला की माणूस शेजाऱ्याचे पाय पाहू लागतो. वर्ग पहाटे पावणेसहाला सुरू होतो आणि तासाभरात संपतो. चटया अंथरून मध्ये हात पसरायला जागा उरेल एवढ्याच लोकांना, म्हणजे जास्तीत जास्त पंधरा जणांना, बाई घेतात; सोळावा आला तर त्याला पुढच्या महिन्यापर्यंत थांबवतात. सूचना कोकणीत, आसनांची नावे संस्कृतात आणि फळ्यावर लिहिलेले मराठीत असा तिहेरी कारभार आहे, जो गोव्यात कोणालाच वावगा वाटत नाही. सुरुवातीला ओंकार होतो. वर्गात येणाऱ्या एका ख्रिस्ती शेजारणीने त्याविषयी विचारले, तेव्हा बाईंनी सहजपणे सांगितले की ज्यांना म्हणायचा नसेल त्यांनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावे, आणि त्या गोष्टीची पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

पहिल्या दिवशी आसन करायला मिळाले नाही, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. बाईंनी एक जाड वही काढून माझ्यासाठी पान उघडले आणि विचारायला सुरुवात केली. रक्तदाब किती असतो, साखर आहे का, चक्कर येते का, कोणती शस्त्रक्रिया झाली आहे आणि केव्हा, पाठीच्या मणक्यांत चकती सरकल्याचे कधी निदान झाले होते का, डोळ्यांचा दाब तपासला आहे का, पाळी नियमित आहे का, झोप किती, आणि आदल्या रात्री किती वाजता जेवता. काचबिंदूविषयी त्या आवर्जून विचारतात, कारण डोके खाली येणाऱ्या आसनांत डोळ्यांतील दाब वाढतो. अलीकडेच हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांना त्यांनी शल्यविशारदाची लेखी परवानगी आणायला सांगून परत पाठवले. एवढे सगळे विचारून झाल्यावर मला भिंतीशी बसून संपूर्ण वर्ग पाहायला सांगितले आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. नवख्या माणसाने कोणत्याही वर्गात प्रवेश घेण्यापूर्वी एकदा असे बसून पाहण्याची परवानगी मागावी. जिथे ती मिळत नाही, तिथला पुढचा विचार करण्याची गरज राहत नाही. पाहताना पुढच्या रांगेतील लवचीक मंडळींकडे दुर्लक्ष करून शेवटच्या रांगेकडे लक्ष ठेवावे.

त्या शेवटच्या रांगेत मला जे दिसले ते थोडे विस्ताराने सांगते. खाणीवर यंत्रे चालवून निवृत्त झालेले एक काका तिथे बसतात. वज्रासन आले तसे सगळे गुडघे मोडून टाचांवर बसले. काकांचे गुडघे अर्ध्यावरच थांबले. बाईंनी आधी पंचाची गुंडाळी करून त्यांच्या घोट्यांखाली सरकवली, मग सतरंजीची जाड घडी पोटऱ्या आणि मांड्यांच्या मध्ये ठेवली आणि विचारले, “ताण आहे की कळ?” काका म्हणाले, “उजवीकडे कळ.” बाईंनी घडी दुप्पट केली. तरीही कळ आहे म्हटल्यावर त्यांनी काकांना वज्रासनातून उठवले आणि अग्रशाळेच्या पंगतीचा एक लाकडी पाट आणून त्यावर पाय सरळ सोडून बसवले, पाठीचा कणा ताठ आणि हात मांड्यांवर. “बाकीच्यांचे जे चालले आहे तेच तुमचे चालले आहे, काका. सवकास.” या सगळ्याला मिनिटही लागले नसेल. वर्ग थांबला नाही, कोणी वळून पाहिले नाही आणि काकांना मागे राहिल्यासारखे वाटण्याचे कारण उरले नाही. आजही काका पूर्ण वज्रासनात बसत नाहीत, आणि बाईंना त्याची घाई नाही.

साहित्य म्हणून जे वापरले जाते ते सारे असेच हाताशी असलेले आहे. पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या पश्चिमोत्तानासनात माझे हात पायांच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून पाठ घोड्यासारखी वाकते. बाईंनी मला घडी केलेल्या चादरीवर बसवले, तळव्यांभोवती जुन्या सुती साडीचा पट्टा टाकून त्याची टोके माझ्या हातांत दिली आणि पुढे वाकण्याऐवजी छाती वर उचलायला सांगितली. कंबरेतून वाकणे आणि पाठीतून वाकणे यांतील फरक मला त्या दिवशी प्रथम शरीराने कळला. हाडांची घनता कमी असल्याचे निदान झालेल्या एका मावशींना तर पाठ गोल करून पुढे वाकू देतच नाहीत, कारण अशा ठिसूळ मणक्यांवर त्या वाकण्याचा भार येऊन ते दबण्याचा धोका असतो. त्या वेळी मावशी उताणे झोपून एकेक पाय पट्ट्याने वर उचलतात. दोर, विटा, पट्टे, खुर्च्या यांचा असा उपयोग बी. के. एस. अय्यंगार यांच्या पुण्यातील संस्थेमुळे जगभर पोहोचला. बाईंनी त्यातले तत्त्व उचलले आहे आणि महागडे साहित्य वगळले आहे. कोणालाही हात लावण्यापूर्वी त्या विचारतात. हे वेगळे नोंदवावेसे वाटते, कारण अन्यत्र मला ते क्वचितच आढळले.

क्रमाचे म्हणाल तर पहिले काही आठवडे आयुष मंत्रालयाच्या सामान्य योग अभ्यासक्रमाच्या आधाराने जातात. २०१५ पासून दर २१ जूनला आंतरराष्ट्रीय योगदिनी जो क्रम सार्वजनिकरीत्या केला जातो, तोच हा. तो साधारण ४५ मिनिटांचा आहे. मान, खांदे, कंबर आणि गुडघे मोकळे करण्याच्या हालचाली, ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन यांसारखी उभ्याने करायची आसने, मग बसून, पोटावर आणि पाठीवर झोपून करायची, आणि शेवटी कपालभाती, प्राणायाम व ध्यान अशी त्याची ओळ आहे. त्यात शीर्षासन नाही, आणि नवशिक्याच्या वर्गात ते नसावेच असे माझेही मत झाले आहे. योगदिन गोव्यात भर पावसात येतो आणि बहुधा छपराखालीच पार पडतो. त्या एका दिवसाच्या उत्साहात वर्गात नाव नोंदवणारे पुष्कळ असतात, पण पुस्तिका तीच असली तरी वर्षभर ती शिकवणाऱ्याचा कस वेगळाच लागतो.

सूर्यनमस्कार बाईंनी बराच काळ घेतले नाहीत, आणि याबद्दल वर्गात थोडी कुरकुर झाली. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या मनात योग म्हणजे सूर्यनमस्कार, आणि सूर्यनमस्कार म्हणजे मोजणी, हे समीकरण पक्के असते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो जोरदार प्रसार केला, तो शाळांच्या मैदानांतून आपल्या पिढीपर्यंत झिरपत आला आहे. पण बारा अवस्थांच्या त्या चक्रात मनगटांवर, खांद्यांवर आणि कमरेवर एकामागून एक भार येतो, आणि ज्याला साधे भुजंगासन कोपर वाकवून नीट करता येत नाही त्याने बारा आवर्तनांचा संकल्प करणे म्हणजे कंबर धरून घरी बसण्याची तयारी करणे होय. बाईंनी ते चक्र सुटे करून, एकेक अवस्था निरनिराळ्या दिवशी शिकवून, मग जोडले. आवर्तने किती झाली हे त्या आजही विचारत नाहीत.

कपालभातीच्या बाबतीत तर त्या कठोर आहेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, चक्कर यांपैकी काही असेल किंवा गर्भधारणा असेल तर कपालभाती करू नये, हा संकेत सर्व जबाबदार शिक्षक पाळतात. पण दूरदर्शन संचावर पाहून वर्षानुवर्षे शेकड्यांनी स्ट्रोक मारणाऱ्यांना ते पटवणे सोपे नसते. अशाच एका गृहस्थांनी वाद घातला, तेव्हा बाई एवढेच म्हणाल्या, “टीव्हीतल्या माणसाला तुमचा रक्तदाब दिसत नाही, मला वहीत दिसतो.” त्या गृहस्थांना त्यांनी श्वास न रोखता करायची नाडीशोधनाची, म्हणजे आळीपाळीने एकेका नाकपुडीने श्वास घेण्याची, सोपी रीत दिली. नंतर ते आले नाहीत असे नाही. नाराज चेहऱ्याने का होईना, येत राहिले.

शिक्षकाच्या प्रमाणपत्राला किती महत्त्व द्यावे, याविषयी नवख्या माणसाचा मोठा गोंधळ उडतो. ‘दोनशे तास’ असे ज्या प्रमाणपत्रांवर असते, ती बहुधा अमेरिकेतील योग अलायन्स या नोंदणी संस्थेच्या निकषांवर आधारलेली असतात, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा अभ्यासक्रम निवासी पद्धतीने साधारण महिनाभरात पूर्ण होतो. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षांत एक पायरी योग प्रोटोकॉल प्रशिक्षकाची असते, तिच्यावर वेलनेस प्रशिक्षक, मग शिक्षक व मूल्यमापक आणि त्याही वर योग मास्टर. यांवरून माणूस किती शिकला हे कळते. किती शिकवले आहे आणि कोणाला, हे कळत नाही. त्यापेक्षा त्याची परंपरा विचारावी. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामच्या पठडीतील शिक्षक आसने सावकाश, कमी श्रमात आणि श्वासाच्या भानाने घेतो; बिहार योग विद्यालयाच्या पठडीतील शिक्षक सांधे सोडवणाऱ्या पवनमुक्तासनाच्या मालिकेपासून आणि योगनिद्रेपासून सुरुवात करतो; अय्यंगार पद्धतीत उभ्या आसनांतील बारकाव्यांवर भर असतो. या तिन्ही वाटा आखडलेल्या शरीराला मानवतात. बाईंचा पाया लोणावळ्याच्या पठडीतला आहे, आणि त्यांच्या शिकवण्यात तो दिसतो.

वर्गाचा शेवट शवासनाने होतो आणि त्याला पूर्ण दहा मिनिटे दिली जातात. ही वेळ कापणारे वर्ग मी पाहिले आहेत. पुढची तुकडी दाराशी उभी असते, म्हणून शवासन दोन मिनिटांत उरकले जाते. इथे मात्र त्याच वेळी खालच्या रस्त्यावरून पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत जातो, आणि पंधरांपैकी निदान चार जणांच्या मनात पावांचा हिशेब सुरू होतो हे नंतर बोलताना उघड होते.

उणिवा सांगायलाच हव्यात. सर्वांत मोठी म्हणजे सारा वर्ग एका व्यक्तीवर उभा आहे. बाईंना ताप आला किंवा त्या लग्नाला गेल्या की वर्ग नाही, आणि निरोप पुष्कळदा पहाटे पाचला, म्हणजे माणूस उठून तयार झाल्यावर येतो. जत्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईत अग्रशाळाच मिळत नाही. तेवढ्या दिवसांसाठी दुसरी जागा पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. गुडघेदुखीची माणसे इतकी येत असताना वर्ग पहिल्या मजल्यावर, तोही कठडा नसलेल्या जिन्याने चढून जाण्याजोगा असावा, हे तर मला मुळीच पटत नाही. प्रसाधनगृह खाली आणि इमारतीच्या मागे आहे. संध्याकाळचा वर्ग नाही, त्यामुळे लहान मुलांच्या आयांना, ज्यांना याची बहुधा सर्वांत जास्त गरज आहे, येणे जमत नाही. बाईंना वर्ग चालू असताना प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, आणि वर्ग संपल्यावर त्या घाईत असतात. घरी काय करावे याचा लेखी आराखडा मागितला तर ‘इथे केलेले आठवा’ असे उत्तर मिळते. शिवाय ज्याचे शरीर सहा-आठ महिन्यांत मोकळे झाले आहे, त्याला पुढे इथे फारसे नवे मिळत नाही. आसने तीच, क्रम थोडाफार तोच. बंध (श्वासासोबत शरीराचे ठरावीक भाग आवळून धरण्याच्या क्रिया), दीर्घ प्राणायाम किंवा ग्रंथांचा परिचय हवा असेल तर दुसरीकडे जावे लागेल, आणि हे बाई स्वतःच सांगतात.

शुल्क महिन्याला हजार रुपये आहे, महिन्याचे महिन्याला. वर्षाचे आगाऊ घेत नाहीत. बाईंच्या बाजूने वर्ग बुडाल्यास त्याची भरपाई रविवारी होते. आपल्या बाजूने बुडाल्यास होत नाही, आणि ते योग्यच आहे.

पडद्यावरील वर्गांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ज्याने वर्षभर प्रत्यक्ष शिकून घेतले आहे त्याला ते सराव टिकवायला चांगले. अगदी नवख्याला मात्र मान वळवून पडद्याकडे पाहत त्रिकोणासन करावे लागते, आणि पावसात वीज गेली की शिक्षक हवेत हात उचललेल्या अवस्थेत गोठून राहतो.

चटई आपली आपण न्यावी लागते. लाद्यांवर नुसती सतरंजी सरकते, म्हणून खाली न सरकणारी चटई आणि वर सुती चादर अशी जोडी उत्तम. चटई घेताना गोव्याच्या हवेचा विचार करावा: नैसर्गिक रबराची चटई पकड छान देते, पण जून ते सप्टेंबर या काळात ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवली तर तिच्यावर बुरशी धरते आणि वास जाता जात नाही. पावसाळ्यात चटई पंख्याखाली पसरून वाळवावी आणि उन्हाची तिरीप आली तरी कडक उन्हात टाकू नये, कारण रबर तडकते. फार जाड, फोमसारखी मऊ चटई घेऊ नये. वृक्षासनात पाऊल तिच्यात रुतते आणि तोल जातो. कपड्यांना विशेष काही लागत नाही. पोट मात्र रिकामे हवे. पहाटेच्या वर्गाचा हा एक फायदा आहे, कारण अन्यत्र संध्याकाळच्या वर्गाला गेल्यास दुपारच्या शीतकडीच्या जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावे लागतात. वर्ग संपल्यावर घरी येऊन उकड्या तांदळाची पेज घ्यायला पुरेसा वेळ राहतो आणि पणजीची बसही चुकत नाही.

ज्यांना घाम गाळायचा आहे, वजन भराभर उतरवायचे आहे किंवा समुद्राकडे तोंड करून छायाचित्र काढायचे आहे, त्यांनी या वर्गाची वाट धरू नये. त्यांची निराशा होईल आणि एक जागा अडेल. ज्यांना मणक्याचा, हृदयाचा किंवा शस्त्रक्रियेनंतरचा गंभीर प्रश्न आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेसारख्या ठिकाणी, जिथे वैद्य हाताशी असतात, चौकशी करून मगच सामूहिक वर्गाचा विचार करावा. उरलेल्या सर्वांना, विशेषतः आपले शरीर आता वाकणार नाही असे मानून बसलेल्यांना, हा वर्ग मी निःशंकपणे सुचवीन. नवी नावे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच घेतली जातात आणि गणेशचतुर्थीच्या दिवसांत वर्ग बंद असतो, म्हणून येण्यापूर्वी अग्रशाळेच्या कचेरीत विचारून घ्यावे, चष्म्याचा आणि औषधांचा कागद सोबत ठेवावा आणि पहिल्या दिवशी फक्त बसून पाहायचे आहे हे धरून चालावे.